मरणाच्या बेटावरचा संतोष

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सिंगापूरची सहल आता आपल्याकडे अप्रूपाची राहिलेली नाही. मुंबई-पुण्याच्या प्रवासी कंपन्यांच्या जाहिराती पाहिल्या, तर सिंगापूरच्या मुक्कामात एक दिवस ठरलेला असतो तो सेंटोसा बेटासाठी. डोंगरावरून निघणारी केबल कार, युनिव्हर्सल स्टुडिओतले पाळणे, पांढऱ्या वाळूचे किनारे, रात्रीचा रोषणाईचा खेळ, असा सगळा भरगच्च कार्यक्रम. पोरं खूश, थोरं खूश. सहलीच्या पत्रकात या बेटाचं जुनं नाव मात्र कुठे छापलेलं नसतं. ते नाव होतं ‘पुलाउ ब्लाकांग माती’.

मलय भाषेत ‘पुलाउ’ म्हणजे बेट, ‘ब्लाकांग’ म्हणजे पाठ किंवा मागची बाजू आणि ‘माती’ म्हणजे मेलेला. आपल्या मराठी ‘माती’शी या शब्दाचं नातं नाही. पण एखाद्याला ‘माती देणं’ म्हणजे काय ते ज्याला ठाऊक आहे, त्या मराठी माणसाच्या कानाला हे नाव ऐकून थोडं चमकल्यासारखं होतंच. ‘पाठीमागचं मरण’ असा काहीसा या नावाचा अर्थ. ते कसं पडलं याच्या निरनिराळ्या कथा आहेत. कुणी म्हणतं, इथे चाचे दबा धरून बसत. कुणी म्हणतं, टेकड्यांच्या मागच्या उतारावर काही पिकत नसे, म्हणून ती ‘मेलेली पाठ’. आणि कुणी सांगतं, इथल्या तापानं माणसं पटापट मरत, म्हणून.

आताचं ‘सेंटोसा’ हे नाव मात्र आपल्या अगदी ओळखीचं आहे. हा मलय शब्द मूळ संस्कृत ‘संतोष’वरून आला. शांतता, स्वस्थता असा त्याचा तिकडचा अर्थ. सिंगापूर हेही ‘सिंहपूर’च. तेव्हा मरणाचं बेट संतोषाचं बेट झालं, ते एका संस्कृत शब्दाच्या आधारानं. हे नावांतर कसं झालं, कुणी केलं, आणि त्यात काय उरलं नि काय झाकलं गेलं, ते आज पाहू.

सुरुवात तापापासूनच करू. स्टॅमफर्ड रॅफल्सनं १८१९मध्ये सिंगापूरला इंग्रजांचं ठाणं उभारलं. मुख्य बेटाच्या दक्षिणेला, चिंचोळ्या खाडीपलीकडे हे छोटं बेट होतं. त्यावर बुगीस लोकांची वस्ती होती. हे सुलावेसीकडचे दर्यावर्दी लोक. १८४०च्या दशकात या वस्तीत तापाची साथ आली आणि ती वस्ती जवळजवळ पुसली गेली. सिंगापुरात रॉबर्ट लिटल नावाचे एक डॉक्टर होते. त्यांनी या ‘ब्लाकांग माती तापा’चा अभ्यास करून १८४८मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. किनाऱ्यालगतचे पोवळ्यांचे खडक ओहोटीत उघडे पडून कुजतात, त्यातून विषारी हवा सुटते आणि तिच्यामुळे ताप येतो, असा त्यांचा निष्कर्ष. आज आपल्याला हसू येईल. पण हिवताप डासांमुळे पसरतो याचा पुरावा मिळायला १८९७ साल उजाडावं लागलं, आणि तो रोनाल्ड रॉस यांना मिळाला आपल्या सिकंदराबादला. तोवर बिचाऱ्या पोवळ्यांवर आळ राहिला.

माणसं मरतात अशी ख्याती असलेल्या बेटावर सरकारनं लष्कर का नेऊन ठेवावं? याचं उत्तर कोळशात आहे. १८६९मध्ये सुवेझ कालवा खुला झाला. आपल्या मुंबई बंदराचं भाग्य त्यानं जसं पालटलं, तसंच सिंगापूरचंही. युरोपातून चीन-जपानकडे जाणाऱ्या आगबोटी सिंगापूरला थांबत, त्या मुख्यतः कोळसा भरून घ्यायला. कोळशाचे प्रचंड ढीग होते ते मुख्य बेट आणि ब्लाकांग माती यांच्यामधल्या खोल खाडीच्या काठी. हेच ते न्यू हार्बर, पुढे १९००मध्ये ज्याला केपेल हार्बर नाव मिळालं. शत्रूच्या एखाद्या युद्धनौकेनं या खाडीत शिरून कोळसा पेटवला, तर पूर्वेकडचा सारा इंग्रजी व्यापार नि आरमार जागच्या जागी थंडावलं असतं. ब्लाकांग माती हा या बंदराचा उंबरठा. म्हणून १८७० आणि १८८०च्या दशकांत तिथे किल्ले उभे राहिले. पश्चिम टोकाला सिलोसो, मध्ये इंबिया, पूर्वेकडे सेरापोंग आणि कॉनॉट. सिलोसोच्या टेकडीचा माथा तर तोफांना सपाट जागा हवी म्हणून सुरुंग लावून उडवण्यात आला.

आपल्याकडे किल्ला म्हटला की तट, बुरूज, दरवाजे डोळ्यांपुढे येतात. इथले किल्ले तसे नव्हते. टेकडीच्या पोटात कोरलेली दारूगोळ्याची कोठारं, भुयारी वाटा, वर सिमेंटचे ओटे आणि त्यांवर समुद्राकडे तोंड केलेल्या तोफा. समुद्रावरून पाहणाऱ्याला हिरव्या टेकडीपलीकडे काही दिसू नये, हीच त्यांची तटबंदी. भोवती बराकी आल्या, अधिकाऱ्यांसाठी ऐसपैस व्हरांड्याचे बंगले आले. सिंगापूरच्या तोफखान्यात गोऱ्यांच्या जोडीला पंजाबातून भरती केलेले हिंदी गोलंदाजही होते.

जवळजवळ साठ वर्षं या तोफांना शत्रू दिसला नाही. सरावाचे गोळे सुटत, तोफा जुन्या होत, नव्या येत. १९३०च्या दशकात जपानची धास्ती वाढली, तशी सगळी तटबंदी नव्यानं मजबूत करण्यात आली. कॉनॉटवर ९.२ इंची तोफा होत्या, सिलोसोवर ६ इंची. सिंगापूर म्हणजे अभेद्य दुर्ग, असं तेव्हा वर्तमानपत्रं लिहीत आणि लोक मानत.

मग १९४२ आलं. जपानी सैन्य डिसेंबर १९४१मध्ये मलायाच्या ईशान्य किनाऱ्यावर उतरलं आणि जंगलातून, रस्त्यांनी, सायकलींवरून दक्षिणेकडे सरकत आलं. ८ फेब्रुवारीच्या रात्री ते उत्तरेकडची सामुद्रधुनी ओलांडून सिंगापूरवर उतरलं. आपण सर्वांनी एक गोष्ट ऐकलेली असते, की सिंगापूरच्या तोफा चुकीच्या दिशेला तोंड करून बसल्या होत्या, म्हणून सिंगापूर पडलं. गोष्ट चटकदार आहे, पण पुरती खरी नाही. बऱ्याच तोफा जमिनीच्या बाजूला फिरवता येत होत्या आणि त्या फिरवल्याही गेल्या. ब्लाकांग मातीवरच्या कॉनॉटच्या तोफांनी तेंगा विमानतळाच्या दिशेनं, जपान्यांच्या हाती गेलेल्या भागावर मारा केला. अडचण होती ती गोळ्यांची. साठ्यातले बहुतेक गोळे युद्धनौकांचं पोलादी कवच भेदण्यासाठी बनवलेले. ते मऊ जमिनीत खोल घुसत आणि पायदळाचं फारसं काही बिघडवत नसत. तोफ वळवता आली, पण तिच्यासाठी साठ वर्षं ज्या शत्रूचा विचार केला होता तो ऐन वेळी वळवता आला नाही, असं म्हणू या.

१५ फेब्रुवारी १९४२ला सिंगापूर शरण गेलं. त्या दिवशी चिनी नववर्षाचा पहिला दिवस होता. दोनच दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर हजारो हिंदी सैनिक जपान्यांच्या स्वाधीन करण्यात आले आणि त्यांच्यातूनच आझाद हिंद सेनेची पहिली उभारणी झाली. ती कथा आपल्या परिचयाची आहे. त्याच दिवसांत, त्याच शहरात, तिथल्या चिनी लोकांवर काय ओढवलं, ते मात्र आपल्याकडे फारसं बोललं जात नाही.

जपानी सैन्यानं जपानविरोधी चिनी शोधून काढण्याच्या नावाखाली १८ ते ५० वर्षांच्या चिनी पुरुषांना ठिकठिकाणी गोळा केलं. तोंडाला बुरखा घातलेला एखादा खबऱ्या बोट दाखवी, किंवा एखाद्या शिपायाला संशय येई, आणि माणसाचं नशीब ठरे. निवडलेल्यांना ट्रकमध्ये भरून समुद्रकिनारी नेत आणि गोळ्या घालत. काहींना बोटींतून खोल पाण्यात नेऊन मारण्यात आलं. ‘सूक चिंग’ या नावानं हा नरसंहार ओळखला जातो. पुढे जपान्यांकडून कबूल झालेला आकडा सुमारे ५,०००चा आहे. सिंगापूरच्या चिनी समाजात ५०,०००पर्यंतचे अंदाज सांगितले जातात.

ज्यांना समुद्रात ढकललं, त्यांतली काही प्रेतं भरतीबरोबर ब्लाकांग मातीच्या किनाऱ्याला लागली. शरण गेलेले इंग्रज गोलंदाज तेव्हा बेटावरच होते, कैदेत जाण्याची वाट पाहत. गोळ्यांनी चाळण झालेली सुमारे ३०० प्रेतं त्यांनी गोळा केली आणि सेरापोंगच्या आसपास पुरली. मेलेले कोण, त्यांची नावं काय, कुणाला विचारणार? ज्या तोफांनी शहराचं रक्षण करायचं, त्यांच्या पायथ्याशी त्या शहरातल्या माणसांना माती देण्याचं काम त्या तोफांच्या गोलंदाजांवर आलं. बेटाचं जुनं नाव असं खरं झालं. पुढची साडेतीन वर्षं बेट जपान्यांच्या ताब्यात राहिलं आणि दोस्तांचे युद्धकैदी तिथे राबत राहिले.

युद्ध संपलं, इंग्रज परतले, पण काळ पालटला होता. विमानं आणि क्षेपणास्त्रांच्या जमान्यात किनाऱ्यावरच्या तोफांना कोण विचारतो? १९५०च्या दशकात त्या मोडीत निघाल्या. बेटावर पहारा राहिला. १९६३मध्ये मलेशियाची स्थापना झाली, ती इंडोनेशियाला मान्य नव्हती. त्यातून घातपात सुरू झाले. १० मार्च १९६५ला सिंगापूरच्या मॅकडोनाल्ड हाउस या इमारतीत स्फोट होऊन तिघं मरण पावले. अशा घातपात्यांनी बंदराकडे फिरकू नये म्हणून सिलोसोवर गुरखा पलटणीचे जवान तैनात होते.

१९६५च्या ऑगस्टमध्ये सिंगापूर स्वतंत्र झालं आणि १९६७मध्ये हे बेट इंग्रजांनी त्याच्या हवाली केलं. आपले सगळे तळ १९७१पर्यंत गुंडाळण्याचं ब्रिटननं १९६८च्या जानेवारीत जाहीर केलं. आज आपण सिंगापूरकडे श्रीमंतीचा नमुना म्हणून पाहतो, पण तेव्हाची अवस्था आठवून पाहा. वीस लाख वस्तीचं नवं राष्ट्र, पिण्याचं पाणीसुद्धा शेजाऱ्याकडून आणायचं, आणि राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे एक पंचमांश भाग ज्या इंग्रजी तळांवर अवलंबून, तेच तळ बंद होणार. अशा देशाच्या हाती बंदरासमोरचं एक मोकळं बेट आलं, तर तो काय करील? कारखाना काढील. तसंच घाटत होतं. तिथे एका बड्या कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना उभारावा, असा विचार पुढे आला होता.

तो मागे पडला, याचं श्रेय दोन व्यक्तींकडे जातं. एक ॲलन चो, शहराच्या पुनर्रचनेचं काम पाहणारे स्थापत्यविशारद. दुसरे आल्बर्ट विन्सेमियस, सिंगापूर सरकारचे डच आर्थिक सल्लागार. गंमत पाहा, विन्सेमियस हे तर सिंगापूरच्या औद्योगिकीकरणाचे पुरस्कर्ते. कारखाने आणा, असं सांगणारा हाच माणूस. पण शहराच्या ऐन तोंडावरचं एवढं हिरवं बेट धुरांड्यांना देऊ नये, पुढच्या पिढ्यांना मोकळा श्वास घ्यायला जागा लागेल, असा त्यांचा कौल पडला. रोजगाराची इतकी निकड असताना हा निर्णय घेणं सोपं नव्हतं. आपल्याकडे मोकळ्या जागांचं काय होतं हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

मग नाव बदलायचं ठरलं. मौजमजेच्या जागेला ‘पाठीमागचं मरण’ म्हणून कसं चालेल? लोकांकडून नावं मागवण्यात आली आणि १९७०मध्ये बेटाचं ‘सेंटोसा’ झालं. १९७२च्या सप्टेंबरमध्ये सेंटोसा विकास महामंडळ स्थापन झालं. १९७४मध्ये माउंट फेबर टेकडीवरून केबल कार सुरू झाली. सिलोसो किल्ल्याचं संग्रहालय झालं. मेणाच्या पुतळ्यांतून दोन शरणागती मांडण्यात आल्या, इंग्रजांची १९४२ची आणि जपान्यांची १९४५ची. आणि योगायोग असा, की नव्या बेटाच्या सुरुवातीच्या आकर्षणांत एक पोवळ्यांचं संग्रहालय होतं. ज्या पोवळ्यांवर लिटल डॉक्टरांनी मरणाचा आळ घेतला, तीच आता तिकीट काढून पाहायची शोभेची वस्तू झाली.

सुरुवातीचं सेंटोसा काही फार रंगलं नाही. ‘महाग तर आहेच, वर बघायलाही काही नाही’ असा इंग्रजी नावातल्या अक्षरांचा विनोदी विस्तार सिंगापूरकरांनीच करून ठेवला होता. २९ जानेवारी १९८३ला तर अनर्थ झाला. तेलविहिरी खोदणाऱ्या एका जहाजाचा उंच मनोरा केबल कारच्या तारेत अडकला. दोन पाळणे समुद्रात कोसळून सात जण दगावले. उरलेल्या पाळण्यांत अडकलेल्या तेरा जणांना रात्री हेलिकॉप्टरनं एकेक करून सोडवलं गेलं. पण महामंडळानं चिकाटी सोडली नाही. समुद्रात भराव टाकून बेट जवळजवळ दुप्पट, सुमारे ५०० हेक्टरचं केलं. ज्या किनाऱ्यांवर आपली मंडळी फोटो काढतात, तिथली वाळू बाहेरून आणून पसरलेली आहे. १९९२मध्ये मुख्य बेटाशी जोडणारा रस्ता झाला. २००५मध्ये बराच वाद होऊन सरकारनं जुगारगृहांना परवानगी दिली आणि १४ फेब्रुवारी २०१०ला सेंटोसावरचं कॅसिनो उघडलं. तो दिवसही चिनी नववर्षाचाच होता.

मौजेचं बेट म्हणून सेंटोसा असं बाळसं धरत असताना तिथे एक माणूस राहत होता, जो मौजेसाठी आलेला नव्हता. चिया थाय पो हे विरोधी बारिसान सोशलिस पक्षाचे खासदार. ऑक्टोबर १९६६मध्ये अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली त्यांना अटक झाली. आरोपपत्र नाही, खटला नाही. कम्युनिस्टांशी संबंध असल्याचं मान्य करा आणि हिंसेचा त्याग जाहीर करा, म्हणजे सुटाल, असं सरकारचं म्हणणं. जे केलंच नाही त्याचा त्याग कसा जाहीर करू, हे त्यांचं म्हणणं. या एका मुद्द्यावर बावीस वर्षांहून अधिक काळ गेला. मे १९८९मध्ये त्यांना तुरुंगातून काढलं आणि नेऊन ठेवलं ते सेंटोसावर, पहारेकऱ्याच्या एका खोलीत. तुरुंग नाही म्हणून खोलीचं भाडं त्यांनीच भरायचं. दिवसा भोवती सहलीला आलेल्या लोकांची वर्दळ, रात्री बेट रिकामं, आणि बेट सोडायला मात्र बंदी. १९९२मध्ये त्यांना मुख्य बेटावर राहता आलं आणि नोव्हेंबर १९९८मध्ये शेवटची बंधनं उठली. संतोषाच्या बेटाचा असाही उपयोग झाला.

आज या बेटावर लष्कराच्या खुणा शोधायच्या तर त्या हॉटेलांत सापडतात. १९०४ची तोफखान्याची बराक २०१९मध्ये हॉटेल झाली आणि नावही ‘द बॅरक्स’ असंच ठेवलं गेलं. १२ जून २०१८ला अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प आणि उत्तर कोरियाचे किम जाँग उन ज्या कपेला हॉटेलात भेटले, त्याच्या मधोमध इंग्रज तोफखान्याच्या अधिकाऱ्यांचे जुने बंगले आहेत. पूर्वेकडे, जिथे प्रेतं पुरली गेली त्या सेरापोंगच्या भागात, गोल्फचं हिरवंगार मैदान आहे. तिथल्या किनाऱ्यावर जे घडलं त्याची नोंद करणारा फलक सिंगापूरच्या वारसा खात्यानं लावला आहे.

सिंगापूरनं इतिहास पुसला असं म्हणणं म्हणून अन्यायाचं ठरेल. पण त्यानं निवड केली, हे खरं. जे दाखवता येतं ते नीट जपलं, झाडपूस करून मांडलं. तोफा आहेत, भुयारं आहेत, मेणाचे सेनापती आहेत. जे दाखवणं अवघड, ते फलकापुरतं उरलं. आणि चियांची खोली तर कुठल्या सहलीच्या कार्यक्रमातच नसते. विजय-पराजयाचं प्रदर्शन मांडता येतं. अनामिक प्रेतांचं आणि खटल्याविना डांबलेल्या माणसाचं प्रदर्शन मांडायला वेगळी हिंमत लागते. ती कुठल्याही देशाला चटकन येत नाही, आपल्यालाही नाही.

तरी स्मरणाचं पारडं हळूहळू जड होतं आहे. १५ फेब्रुवारी २०२२ला, सिंगापूरच्या पाडावाला ८० वर्षं झाली त्या दिवशी, सिलोसो किल्ला राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाला. किल्ला पाहायला पैसे पडत नाहीत. झाडांच्या शेंड्यांवरून जाणारा एक उंच पूल थेट तिथे पोचवतो. तिथून एका बाजूला बंदर दिसतं, ज्याच्या कोळशासाठी हे सगळं घडलं, आणि दुसरीकडे जहाजांनी गजबजलेला समुद्र, ज्यातून प्रेतं आली. सहलीच्या त्या भरगच्च दिवसातला एखादा तास गाइडकडून मागून घेऊन तिथे जरूर जावं. मुलांना तोफा आवडतातच. त्या कुणावर रोखल्या होत्या आणि मेलं कोण, एवढं त्यांना सांगितलं तरी पुष्कळ झालं.